बत्तीस किलोची अट

आमच्या दवाखान्यात पेशंटची गाठ आधी माझ्याशी पडते, मग डॉक्टरांशी. चपला काढा, खिसे रिकामे करा, काट्यावर उभे राहा, भिंतीला टाच लावा, दंड पुढे करा, मनगट द्या. वजन, उंची, रक्तदाब, नाडी. हे चार आकडे केस पेपरवर चढल्याशिवाय मी कोणाला आत सोडत नाही. मोठ्या साहेबांचा फोन घेऊन आलेल्यांना सोडत नाही आणि सरांच्या, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्याच, सख्ख्या मेहुणीच्या मुलालाही सोडलं नव्हतं. मेहुणीबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

मी नर्स आहे. आठ वर्षं सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डात काढली आणि गेली सोळा वर्षं नागपुरात धंतोलीत एका बालमानसोपचारतज्ज्ञांकडे आहे. इथे सलाईन नाही, ड्रेसिंग नाही, रक्त तर औषधालाही दिसत नाही. वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, मग तू दिवसभर करतेस तरी काय? मी सांगते, मोजते. त्या हसतात. पण आम्ही देतो त्या औषधांत असं एक औषध आहे की ज्याचं अर्धं काम गोळी करते आणि उरलेलं अर्धं मोजणाऱ्याने करायचं असतं. त्याच औषधाबद्दल मला लिहायचं आहे.

लक्ष न टिकण्याचा विकार आता सगळ्यांच्या कानावरून गेला आहे. एडीएचडी हा शब्द इतवारीतल्या दुकानदारापासून सावनेरच्या शिक्षिकेपर्यंत सगळे वापरतात, बहुतेक वेळा चुकीच्या मुलाबद्दल. खोडकर मूल म्हणजे हा विकार नाही, आणि अभ्यासाचा कंटाळा म्हणजे तर मुळीच नाही. या मुलांना ऐकू येतं, पण धरून ठेवता येत नाही. सुरू केलेलं पूर्ण होत नाही, वस्तू हरवतात, पाळी येईपर्यंत थांबवत नाही. काही मुलं घर डोक्यावर घेतात. काही नुसती खिडकीबाहेर पाहत बसतात. दुसऱ्या प्रकारात बऱ्याचदा मुली असतात आणि त्यांना कोणी डॉक्टरांकडे आणत नाही, कारण त्या कोणाला त्रास देत नाहीत.

सगळ्यांना गोळी लागत नाही. पालकांना शिकवून, शाळेशी बोलून, दिवसाची घडी बसवून पुष्कळ मुलं सावरतात. ज्यांना लागते त्यांना मिळणारी नेहमीची गोळी मेंदूला गुंगी आणणारी नसून जागं करणारी आहे. हे पालकांना पटवायला माझी पंधरा मिनिटं जातात. हिची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, एक प्रत औषधवाला स्वतःकडे ठेवून घेतो, गोळ्या कुलपात असतात आणि नागपूरसारख्या शहरातही मोजक्याच दुकानांत मिळतात. बरोबर मुलाला बरोबर प्रमाणात दिली तर तासाभरात फरक दिसतो. मानसोपचारात इतक्या लवकर दिसणारं फार थोडं आहे.

आता दुसरी बाजू. ही गोळी भूक मारते. झोप लांबवते. नाडी पळवते, रक्तदाब चढवते. कोणाचे डोळे सारखे मिचकायला लागतात, कोणी संध्याकाळी गोळी उतरताना विनाकारण रडतं. उंची वाढण्याचा वेग थोडा मंदावू शकतो. म्हणून पहिल्या गोळीच्या आधीच आम्ही विचारतो, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं का, मूल कधी खेळताना चक्कर येऊन पडलं का. आणि मग दर भेटीला ते चार आकडे. आकडे ठीक असतील तर गोळी चांगली. आकडे घसरले तर तीच गोळी वाईट.

लोकांना एवढा पाल्हाळ नको असतो. पारशिवनीकडच्या एका आजीबाई नातवाला घेऊन यायच्या. पोरगा गोळीने चांगला रुळला. तिसऱ्या खेपेला आजीबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "बाई, एक चिठ्ठी याच्या मोठ्या भावाच्या नावानं बी द्या ना जी. तो बी काही हुशार नाही." मी सांगितलं, ही हुशारीची गोळी नाही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू हिला द्यायचीच नाही म्हणून बहाणे करते आहे. पुढच्या खेपेला डबीत चार गोळ्या कमी निघाल्या. मोठा भाऊ दोन रात्री टक्क जागा होता, हे आजीबाईंनी स्वतःच सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. तेव्हापासून मी रिकामी होत आलेली डबीही घेऊन यायला लावते.

दुसरे एक गृहस्थ, चांगले शिकलेले, मुलाच्या बारावीच्या वर्षी आले. मुलाला काहीही झालेलं नव्हतं. त्यांना फक्त शेवटचे दोन महिने गोळी हवी होती, कारण क्लासमधल्या कोणीतरी सांगितलं होतं. सरांनी त्यांना सहा मिनिटांत बाहेर काढलं. मी तोपर्यंत मुलाचे आकडे घेतले होते. त्याचा रक्तदाब आधीच चढलेला होता. वडिलांना गोळी मिळाली नाही, पण मुलाला वेळेत मोठ्या डॉक्टरांकडे पाठवता आलं. अशा वेळी मला माझं काम आवडतं आणि ते मी लपवत नाही.

मात्र ज्या मुलीबद्दल मला खरं सांगायचं आहे, तिच्या बाबतीत माझेच आकडे चार महिने खोटे होते.

समीक्षा हटवार बारा वर्षांची, सातवीत. वडिलांचं इतवारीत धान्याचं ठोक दुकान. आई वंदनाताई शांत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलणाऱ्या. मुलगी दुसऱ्या प्रकारातली, खिडकीबाहेर पाहणारी. शाळेत बाई तिला सगळ्यांसमोर "झोपलेली" म्हणत आणि पुढे वर्गही तेच म्हणू लागला होता. एका वर्षात तीन कंपास, दोन डबे आणि एक छत्री हरवली होती. सातवीपर्यंत एकही वही शेवटच्या पानापर्यंत भरलेली नव्हती. दुकानातून घरी निरोप द्यायला पाठवली तर निम्म्या रस्त्यात निरोप गळून जायचा. वडील सुनीलभाऊ तिला आळशी समजत होते आणि गोळीचं नाव काढताच म्हणाले की आमच्या खानदानात कोणी पागल नाही.

सरांनी तीन भेटी घेतल्या, शाळेकडून फॉर्म भरून घेतले, दृष्टी आणि कान तपासून घेतले. आधी दोन महिने गोळीशिवाय प्रयत्न झाले. मग ऑगस्टमध्ये गोळी सुरू झाली, लहान मात्रेत. त्या दिवशीचं वजन चौतीस किलो सहाशे.

पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, काही फरक वाटतो का? मुलं खांदे उडवतात किंवा आईकडे पाहतात. ही थोडा विचार करून म्हणाली, "सिस्टर, आधी बाई बोलायच्या तर मधलं मधलंच ऐकू ये. आता पूर्ण वाक्य ऐकू येते."

मी हे वाक्य केस पेपरवर जसंच्या तसं लिहिलं. पुस्तकांत या विकाराचं पानंच्या पानं वर्णन असतं. माझ्या मते त्या मुलीने ते एका ओळीत केलं.

दिवाळीच्या आत तिची इतिहासाची वही पूर्ण भरली. सुनीलभाऊ ती वही पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन आले आणि बाहेर बसलेल्या अनोळखी पालकांना दाखवत बसले. बाईंनी "झोपलेली" म्हणणं बंद केलं. समीक्षाला वर्गात हजेरीचं रजिस्टर ऑफिसात नेऊन देण्याचं काम मिळालं आणि तिने ते एकदाही हरवलं नाही. ज्यांची मुलं वस्तू हरवत नाहीत त्यांना यात काय मोठं, ते कळणार नाही.

पण वजन उतरत होतं. ऑक्टोबरमध्ये बत्तीस किलो आठशे. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येतो, असं वंदनाताई म्हणाल्या. सरांनी त्यांना समजावलं. सकाळी गोळीच्या आधी पोटभर न्याहारी, कारण नंतर भूक लागणार नाही. रात्री गोळी उतरल्यावर भूक येते, तेव्हा दुसरं जेवण. मी शेंगदाण्याचे लाडू, साय, अंडी चालत असतील तर अंडी, अशी यादी लिहून दिली. मग सर म्हणाले की बत्तीसच्या खाली गेलं तर गोळी बंद करून नव्याने विचार करू. मीही वंदनाताईंना बजावून सांगितलं, ताई, बत्तीस लक्षात ठेवा, त्याखाली गेलं की बंद.

हे सगळं आम्ही आईशी बोललो. समीक्षा बाजूच्या स्टुलावर बसून खिडकीबाहेर पाहत होती. तिच्याशी आम्ही यातलं काही बोललो नाही.

नोव्हेंबरमध्ये वजन तेहतीस किलो शंभर. डिसेंबरमध्ये तेहतीस चारशे. जानेवारीत तेहतीस आठशे. माझी यादी लागू पडली होती. मला इतका आनंद झाला की मी तो वाटत सुटले. दुसऱ्या कोणाच्या मुलाचं वजन घसरलं की मी म्हणायची, इतवारीच्या एका मुलीचं पाहा, आईने सांगितलं तसं केलं आणि तीन महिन्यांत किलोभर वाढवलं. यादीच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. वंदनाताईंचं कौतुक केलं की त्या संकोचून म्हणायच्या, "मले तर काही खाताना दिसत नाही जी, पण काटा म्हणते तर खरंच असंन." ते मी विनय समजत होते.

आमच्याकडे नियम असा की वरचं जाड कापड काढून वजन घ्यायचं. हिवाळा सुरू झाला तेव्हा समीक्षा शाळेच्या स्वेटरमध्ये आली. मी स्वेटर काढायला सांगितला तर ती बबनरावांकडे पाहून अवघडली. बबनराव आमचे कंपाउंडर, साठीचे, सज्जन. पण बारा वर्षांच्या मुलीचं अवघडणं मला समजलं. तिथे पडदा नव्हता. मी म्हटलं, राहू दे, आणि स्वेटरचे तीनशे ग्रॅम मनातल्या मनात वजा केले. पुढच्या दोन महिन्यांतही तेच. सोळा वर्षांत मी कोणासाठी मोडला नव्हता तो नियम मी असा शहाणपणाने मोडला. नाडी शंभराच्या वर जात होती, तीही मी लिहीत होते आणि मनात म्हणत होते की जिना चढून आली आहे. रक्तदाब त्या दिवसांत बबनराव घ्यायचे, स्वेटरच्या बाहीवरूनच, जे घेऊ नये. मी पाहिलं होतं. बोलले नाही.

फेब्रुवारीत ती आली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. फेब्रुवारीच्या दुपारी नागपुरात कोणी स्वेटर घालत नाही. तिने घातला होता. स्वेटर वजा करून तेहतीस किलो नऊशे. बबनराव त्या दिवशी रजेवर, म्हणून रक्तदाब मीच घ्यायला बसले आणि तिला बाही वर करायला सांगितली. मी दंडाला पट्टा गुंडाळला तर त्याचं टोक खुणेच्या किती तरी पुढे निघून गेलं. मी पट्टा सोडून परत लावला. तेच. ऑगस्टमध्ये हाच पट्टा या दंडाला बरोबर बसत होता. चौतीस किलोच्या मुलीचा तो दंड नव्हता. नाडी एकशे अठरा.

मी वंदनाताईंना म्हटलं, ताई, खाली जाऊन मागच्या चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन या. झेरॉक्सची काही गरज नव्हती. त्या गेल्या. मी दाराला कडी घातली आणि समीक्षाला म्हटलं, स्वेटर काढ.

ती जागची हलली नाही. मग तिने स्वेटर काढला, आतला शर्ट थोडा वर केला आणि कमरेभोवतीची कापडी पट्टी सोडली. जुन्या परकराचं कापड, हाताने शिवलेले तीन कप्पे, वरून नाडी. कप्प्यांत लोखंडी वजनं होती. एक दोन किलोचं, एक किलोचं, एक पाचशे ग्रॅमचं. तिने ती माझ्या टेबलावर एकेक करून ठेवली, आवाज होऊ न देता. लोखंडाने कमरेवर काळपट वळ उठले होते.

मी तिला परत काट्यावर उभं केलं. तीस किलो चारशेला काही ग्रॅम कमी. तिचे कपडे सोडले तर ती तीसवर आली होती.

"सरले नका सांगू सिस्टर," ती म्हणाली.

"काहून?"

"बंद करतीन ते. बत्तीसच्या खाली गेलं का बंद. तुम्हीच बोलले होते."

"तू तर खिडकीबाहेर पाहत होतीस."

"पाहत होती. पण ऐकू तर येऊन राहिलं होतं ना. गोळी घेऊन होती मी."

सोळा वर्षं मी या मुलांमध्ये काढली आणि लक्ष नसलेल्या मुलीसमोर काहीही बोललं तरी चालतं, हे मीच धरून चालले होते. गोळी आम्हीच दिली होती, आणि तिने काम केलं होतं.

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. दुकानात आता डिजिटल काटा आहे. जुनी वजनं ताडपत्रीच्या कडा दाबायला आणि बिलांवर ठेवायला वापरतात. दवाखान्याच्या दिवशी सकाळी ती दुकानात जाऊन त्याच काट्यावर आधी स्वतःचं वजन करायची, मग मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त दिसेल एवढी वजनं निवडायची. एकदम जास्त वाढलं तर मला शंका येईल, हेही तिने धरलं होतं. आकडे गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले होते. सकाळची न्याहारी घाईचं नाव सांगून अर्धी टाकायची, डबा शाळेमागच्या गायींना. भूक लागत नव्हतीच. गेल्या महिन्यापासून जिना चढताना छातीत धडधडायचं, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

ज्या मुलीला निम्म्या रस्त्यात निरोप आठवत नव्हता, तिने चार महिने ही सगळी जुळवाजुळव एकदाही न चुकता केली. मला राग आला होता. त्याच वेळी तिचं कौतुकही वाटत होतं, आणि दोन्ही तिला दाखवून चालणार नव्हतं.

"समीक्षा, मी सरांना सांगणार," मी म्हटलं. "तुझ्यासमोर सांगणार. तुझ्यामागे नाही."

"मग मी वापस तशीच होईन."

"होशील काही दिवस."

"परीक्षा हाय सिस्टर. सगळे हासतीन."

हो, हसतील, मी म्हटलं. तिला खोटं सांगायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं.

वंदनाताई वर आल्या तेव्हा वजनं टेबलावरच होती. सरांनी त्याच दिवशी हृदयाचा आलेख काढून घेतला. सुदैवाने त्यात दोष नव्हता. नाडी पळत होती ती गोळी आणि उपास या दोहोंमुळे. गोळी त्याच क्षणी बंद. सरांनी मला केस पेपरमधले चार महिन्यांचे आकडे दाखवून एकच विचारलं, स्वेटर? मी हो म्हटलं. त्यांनी केस पेपर मिटला. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सुनीलभाऊ आले. त्यांना आधी वजनांचंच आश्चर्य वाटलं. "ते दोन किलोचं मी दिवाळीपासून ढुंढून राहिलो," ते म्हणाले. "हमालाले बोल बोल बोललो मी त्याच्यापायी." मग मुलीचं खरं वजन ऐकल्यावर खाली बसले. पण पाच मिनिटांत ते सावरले आणि जे अनेक वडील म्हणतात तेच म्हणाले. परीक्षा तोंडावर आहे. एकच महिना चालू ठेवा. नंतर हवी तर वर्षभर बंद करा. खाण्याचं आम्ही पाहू, तिच्या समोर बसून खाऊ घालू.

जो माणूस ऑगस्टपर्यंत पागलपणाच्या औषधाला हात लावू देत नव्हता, तोच आता ते सोडायला तयार नव्हता. मला त्यांचा राग आला नाही. भरलेली वही त्यांनी मिरवली होती, आणि मी तिचं वजन मिरवलं होतं.

सर नाही म्हणाले. सुनीलभाऊंनी माझ्याकडे वळून विचारलं, "सिस्टर, तुम्ही तरी सांगा ना सरले."

"भाऊ, तुमची पोरगी तीस किलोची आहे," मी म्हटलं. "बारा वर्षांची पोरगी वर जायची, खाली येऊन राहिली आहे. परीक्षा दर वर्षी येते."

समीक्षा कोपऱ्यात उभी होती. तिने कोणाकडेही पाहिलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने तिच्यासाठी वाईट गेले. ते मी सजवून सांगणार नाही. सर शाळेशी बोलले, मीही दोनदा शाळेत जाऊन बाईंना भेटले. पहिल्या बाकावर बसवलं, पेपर सोडवताना मध्ये उठून पाणी प्यायची मुभा दिली, प्रश्न एकेक करून सोडवायचा सराव वंदनाताईंनी घरी घेतला. हजेरीचं रजिस्टर मात्र दुसऱ्या मुलीकडे गेलं. मी बाईंना ते तिच्याकडेच ठेवायला सांगायला हवं होतं. तेव्हा ते मला सुचलं नाही आणि त्याची खंत मला अजून आहे. ती आठवीत गेली, पण टक्के खूप घसरले. गणिताचा अर्धा पेपर कोरा होता. वंदनाताई म्हणाल्या की घरी येऊन ती बोलली नाही, नुसती जेवली. दोन पोळ्या जास्त जेवली, हे सांगताना त्यांनाच कळेना की रडावं का हसावं.

आमच्याकडेही बदल झाले. काट्याला पडदा लागला, स्वेटर काढायचाच, मोसम कोणताही असो. लहान दंडांसाठी वेगळा पट्टा आला. खाण्याची यादी पालकांच्या हातात द्यायची ते मी बंद केली आणि मुलांच्या हातात द्यायला लागले. बबनराव म्हणाले, एका पोट्टीने सोळा वर्षांचा कारभार बदलवला. मी म्हटलं, सोळा नाही, चार महिन्यांचा. बाकीचा ठीकच होता.

जूनच्या शेवटी समीक्षाचं वजन तेहतीस किलो शंभर झालं. खरं तेहतीस. उंचीही दीड सेंटिमीटर वाढली होती. सर तिला घेऊन बसले. आईवडील तिथेच होते, पण या वेळी सर त्यांच्याकडे न पाहता तिच्याशी बोलले. गोळी पुन्हा देता येईल, आधीपेक्षा कमी, शाळेच्या दिवसांपुरती. भूक परत कमी होईल. छातीत धडधडलं तर काय करायचं, डबा परत आला तर काय करायचं, सगळं तिला सांगितलं. मग विचारलं, सुरू करायची का?

आठवीतली मुलगी इतका वेळ विचार करते का, माहीत नाही. सुनीलभाऊंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा वंदनाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"करा सुरू," ती म्हणाली. "पण डबा वापस आला तर मी सांगन. सांगितल्यावर एकदम बंद नाही करायची. पहिले मले विचारायचं."

सर म्हणाले, कबूल. छातीत धडधडलं तर मात्र आधी बंद, मग विचारणं. तीही कबूल म्हणाली. त्यांनी दोन्ही अटी केस पेपरवर लिहिल्या. आमच्याकडे मुलांच्या अटी केस पेपरवर लिहायची पद्धत नव्हती.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी दुपारी दीड वाजता दवाखान्याचा फोन वाजला. शाळेच्या ऑफिसमधून होता. मधली सुटी चालू असावी, मागे पोरांचा गलका होता. समीक्षाने आपलं नाव सांगितलं, केस पेपरचा नंबरही सांगितला, न अडखळता. मग म्हणाली, "लिहून घ्या सिस्टर. काल डबा वापस गेला, आज बी अर्धाच खाल्ला. धडधड नाही. गायीले दिला नाही, डब्यातच आहे."

मी विचारलं, घरी सांगितलंस? ती म्हणाली, नाही, पहिले तुम्हाले सांगून राहिली.

मी तारीख आणि वेळ टाकून लिहून घेतलं, तिला फोन धरून ठेवायला सांगितलं आणि आत जाऊन सरांना सांगितलं. सरांनी मात्रा आणखी थोडी कमी केली आणि दुपारच्या डब्याऐवजी शाळा सुटल्याबरोबर जेवायला सांगितलं. त्याआधी त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि तिला विचारलं, चालेल का.